शरणागती, लज्जा आणि युद्धगुन्हा

शस्त्र खाली ठेवलेल्या शत्रूला ठार मारणे हा आज जगभर मान्य झालेला युद्धगुन्हा आहे. परंतु शरण जाणारा सैनिक भ्याड ठरतो की शहाणा, त्याच्या समाजाने त्याला घरात घ्यावे की त्याचे नाव टाकावे, याविषयी युद्धाचा कायदा अवाक्षरही काढत नाही. ज्या समाजात शरण जाणे मृत्यूहून वाईट मानले जाते, त्या समाजाच्या सैन्याने शरण आलेल्या शत्रूला तुच्छतेने वागवले तर तो गुन्हा म्हणावा की निराळ्या संस्कृतीचा स्वाभाविक परिणाम, असा प्रश्न यातून उभा राहतो आणि तो बहुधा दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या संदर्भात विचारला जातो. त्याचे नेहमीचे उत्तर असे की जपानी सैनिक शतकानुशतकांच्या सामुराई परंपरेने बांधलेला होता आणि पाश्चात्त्यांचा कायदा त्याला परका होता. हे उत्तर सोपे असले तरी इतिहासाला धरून नाही. जपानमधील शरणागतीची टोकाची घृणा पुरातन नव्हती. ती राज्यसंस्थेने फार तर तीन-चार दशकांत घडवली होती, आणि म्हणूनच तिची ढाल पुढे करणे न्यायालयातही टिकले नाही आणि इतिहासातही टिकत नाही.

कायदा नेमके काय म्हणतो हे आधी पाहिले पाहिजे. १८९९ आणि १९०७ साली हेग येथे झालेल्या परिषदांनी भूयुद्धाची जी नियमावली तयार केली, तिच्या तेविसाव्या कलमात दोन निषेध शेजारी शेजारी आहेत: शस्त्रे टाकून किंवा प्रतिकाराचे साधन न उरल्याने शरण आलेल्या शत्रूला मारू अथवा जखमी करू नये, आणि कोणालाही जीवदान मिळणार नाही अशी घोषणा करू नये. यातला दुसरा निषेध अधिक दूरदर्शी आहे, कारण तो प्रत्यक्ष हत्येच्या आधीच, सेनापतीच्या तोंडून आज्ञा निघते त्या क्षणी लागू होतो. त्यापूर्वी, अमेरिकी यादवी चालू असताना १८६३ च्या एप्रिलमध्ये लिंकन यांच्या मान्यतेने निघालेल्या फ्रान्सिस लीबर यांच्या संहितेत हाच नियम होता खरा, पण त्याला एक पळवाट होती. स्वतःचे सैन्यच संकटात असेल आणि कैद्यांचे ओझे बाळगणे अशक्य असेल, तर सेनापतीने जीवदान नाकारण्यास हरकत नाही, असे ती संहिता म्हणत होती. हेगच्या नियमावलीने ही पळवाट ठेवली नाही. कैदी सांभाळण्याची ऐपत नसणे हे कैदी मारण्याचे कारण होऊ शकत नाही, हा विचार तेव्हापासून कायद्यात रुजला.

याचा अर्थ शरण आलेल्याचे रक्षण ही एकोणिसाव्या शतकातील युरोपची देणगी आहे असा मात्र होत नाही. हात जोडलेल्या, शस्त्र गमावलेल्या, ‘मी तुझा आहे’ म्हणणाऱ्या शत्रूला मारू नये हा नियम मनुस्मृतीच्या राजधर्मावरील अध्यायात स्पष्टपणे आलेला आहे, आणि मराठ्यांच्या काळात किल्लेदाराला कौल देऊन किल्ला ताब्यात घेण्याची पद्धत नित्याची होती. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन केला, तेव्हा ठरलेल्या अटींनुसार आतील शिबंदीला हाती शस्त्रे घेऊन, निशाणे फडकवत आणि ढोल वाजवत बाहेर पडण्याची मुभा मिळाली, तर ज्या रहिवाशांना जायचे होते त्यांना चीजवस्तूंसह निघून जाण्यासाठी मुदत देण्यात आली. या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे कामी आली होती, तरीही दिलेला शब्द पाळला गेला. जुन्या पद्धतीत आणि आजच्या कायद्यात एक मूलभूत भेद मात्र आहे. तेव्हाचे जीवदान हा एक करार असे आणि त्याला वेळेचे बंधन असे. युरोपच्या प्रघातात तटाला खिंडार पडल्यावरही जी शिबंदी हट्टाने लढत राही आणि अखेर हल्ल्यात सापडे, तिला दया मागण्याचा हक्क उरला नाही असे समजले जाई. आजच्या कायद्यात शेवटच्या गोळीपर्यंत लढून मग हात वर करणारा सैनिकही तितकाच सुरक्षित असतो, कारण त्याचे रक्षण कोणाच्या मेहेरबानीवर किंवा सौद्यावर अवलंबून नसते.

जपानच्या स्वतःच्या इतिहासात शरणागतीची उदाहरणे मुबलक आहेत. सोळाव्या शतकातील सरदार आपसांत लढत, हरत आणि पुष्कळदा जिंकणाऱ्याच्या सेवेत रुजू होत. मेइजी राजवट स्थापन करणाऱ्या यादवीतील शेवटची लढाई १८६९ साली होक्काइडो बेटावर हाकोदाते येथे झाली, आणि तिथे शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी शासकाच्या, बाजूने लढणारा एनोमोतो ताकेआकी हा नौदल अधिकारी गोर्योकाकु या पंचकोनी किल्ल्यात कोंडला गेला. शेवट दिसू लागल्यावर त्याने आपल्याजवळचा एक ग्रंथ, किल्ल्याबरोबर तो जळून जाऊ नये म्हणून, शत्रूचा सेनापती कुरोदा कियोताका याच्याकडे पाठवून दिला. तो ग्रंथ सागरी आंतरराष्ट्रीय कायद्याचा होता आणि एनोमोतोने तो हॉलंडमधील शिक्षणाच्या काळात मिळवला होता. कुरोदाने त्या बदल्यात किल्ल्यात साकेची पिंपे धाडली. एनोमोतो शरण आला, आणि त्याला देहदंड होऊ नये म्हणून त्याच कुरोदाने स्वतःचे डोके भादरून सरकारकडे रदबदली केली. काही वर्षे तुरुंगात काढल्यावर एनोमोतो सुटला, रशियात वकील म्हणून गेला, १८७५ चा सीमाकरार त्याने घडवून आणला आणि पुढे ज्या सरकारविरुद्ध तो लढला होता त्याच सरकारात तो परराष्ट्रमंत्रीही झाला. शरणागती हा कायमचा कलंक मानणाऱ्या समाजात अशी कारकीर्द शक्य झाली नसती.

त्यानंतरच्या पिढीने तर कायद्याचे पालन हे सुसंस्कृत राष्ट्र असल्याचे प्रमाणपत्र मानले. १८९४ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्ट आर्थर येथे जपानी सैन्याने चिनी लोकांची कत्तल केली होती आणि तिची जगभर छी-थू झाली होती, हे विसरून चालणार नाही; पण दहा वर्षांनी रशियाशी लढताना त्याच बंदरात चित्र निराळे होते. १९०५ च्या जानेवारीत जनरल स्टॉसेल यांनी पोर्ट आर्थर स्वाधीन केले, तेव्हा जनरल नोगी यांनी रशियन अधिकाऱ्यांना भेटीच्या वेळी कमरेची तलवार ठेवू दिली आणि छायाचित्रात दोन्ही बाजूंचे अधिकारी मिसळून बसले. नोगींच्या सैन्यासोबत आरिगा नागाओ हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे पंडित सल्लागार म्हणून होते. जपानमध्ये नेलेल्या सत्तर हजारांहून अधिक रशियन कैद्यांपैकी मात्सुयामा शहरात ठेवलेल्यांना दोगो येथील गरम पाण्याच्या झऱ्यावर स्नानाला जाण्याचीही मोकळीक होती. पहिल्या महायुद्धात चीनमधील छिंगताओ येथे पकडलेल्या जर्मन सैनिकांना तोकुशिमाजवळच्या बांदो छावणीत ठेवले होते, आणि १ जून १९१८ रोजी त्या कैद्यांनी तिथे बेथोव्हेनची नववी सिंफनी संपूर्ण सादर केली. छावणीचे प्रमुख मात्सुए तोयोहिसा हे मूळचे आइझू संस्थानातील घराण्याचे, म्हणजे १८६८ च्या यादवीत हरलेल्या बाजूचे होते. पराभूतांशी कसे वागावे हे त्यांना घरातच कळलेले असावे, असे मानायला जागा आहे.

मग १९४२ सालचे जपानी सैन्य कुठून आले? १९३० च्या दशकात लष्कराच्या हाती सत्ता गेली आणि शिस्तीच्या नावाखाली कैद होण्याचा पर्यायच सैनिकाच्या मनातून पुसण्याचा पद्धतशीर उद्योग सुरू झाला. १९३२ मध्ये शांघायच्या लढाईत मेजर कुगा नोबोरू जखमी होऊन बेशुद्धावस्थेत चिनी सैन्याच्या हाती पडले. कैद्यांच्या अदलाबदलीत परत आल्यावर ते पकडले गेलेल्या जागी गेले आणि तिथे त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बेशुद्ध माणसाच्या कैदेत लाज ती कोणती, असा प्रश्न विचारण्याऐवजी वृत्तपत्रांनी आणि चित्रपटांनी त्यांना आदर्श वीर बनवले. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, परंतु त्याचे अनुसमर्थन केले नाही; म्हणजे करार बंधनकारक ठरण्यासाठी राज्याने नंतर द्यावी लागणारी औपचारिक मंजुरी दिली नाही. १९३४ साली लष्कराने आणि नौदलाने या मंजुरीला विरोध केला. आपले सैनिक कैद होणारच नाहीत, त्यामुळे कराराचा लाभ फक्त शत्रूला होईल आणि ओझे फक्त आपल्यावर येईल, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. १९४१ च्या जानेवारीत युद्धमंत्री तोजो हिदेकी यांच्या नावे निघालेल्या ‘सेनजिनकुन’ या सैनिकी आचारसंहितेत तर कैदेची लाज पत्करून जगू नये असे थेट बजावण्यात आले. एनोमोतोची शरणागती आणि ही संहिता यांत एका माणसाच्या आयुष्याइतकेच अंतर आहे.

या शिकवणुकीची किंमत आधी जपानी सैनिकांनीच मोजली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यात पाच लघुपाणबुड्यांतून दहा जण गेले होते. नऊ मेले आणि सकामाकी काझुओ हा तरुण अधिकारी किनाऱ्यावर बेशुद्ध सापडून अमेरिकेचा पहिला जपानी कैदी झाला. सरकारने त्या नऊ जणांना युद्धदेवता म्हणून गौरवले, त्यांची चित्रे प्रसिद्ध केली आणि दहाव्याचे अस्तित्वच वगळले. इवो जिमा बेटावरील सुमारे २१,००० जपानी सैनिकांपैकी लढाई चालू असताना २१६ जण कैद झाले. ऑस्ट्रेलियातील काउरा छावणीत अनेक जपानी कैद्यांनी घरच्यांना लाज नको म्हणून खोटी नावे सांगितली होती. ५ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे एक हजाराहून अधिक कैद्यांनी तारेच्या कुंपणावर धाव घेतली आणि त्यात २३१ जपानी मेले. पळून सुटण्याची आशा त्यांतल्या फारच थोड्यांना असावी. हे सगळे ज्या लष्करी फायद्यासाठी चालले होते, तोही पुरता मिळाला नाही. कैद होणे हीच अशक्य गोष्ट मानल्यामुळे चौकशीत काय बोलू नये हे जपानी सैनिकाला कोणी शिकवले नव्हते, आणि जे जिवंत सापडले त्यांतले कित्येक जण अमेरिकी दुभाष्यांशी मोकळेपणाने बोलले.

आणि मग ही घृणा हाती आलेल्या शत्रूवर उलटली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ९ एप्रिलला फिलिपिन्समधील बतान द्वीपकल्पावरील सुमारे ७५,००० अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिक शरण आले. इतक्या कैद्यांची जपानी सैन्याने अपेक्षा केली नव्हती, वाहने नव्हती, कैदी आधीच उपासमारीने आणि हिवतापाने खंगले होते. त्यांना छावणीकडे सुमारे शंभर किलोमीटर चालवत नेण्यात आले, आणि त्या पायपिटीतील काही मृत्यूंचे कारण या अडचणींत सापडते. पण पाण्यासाठी रांग सोडणाऱ्याला किंवा थकून बसलेल्याला संगिनीने भोसकणे हा वाहनांच्या तुटवड्याचा परिणाम नव्हता. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कायदा हेळसांड आणि हत्या दोन्हींचा जाब विचारत असला तरी दोन्हींतला दोष सारखा नसतो. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या ४१५ किलोमीटर मार्गावर साठ हजारांहून अधिक दोस्त कैदी राबवले गेले आणि बारा हजारांच्या वर मेले. मलायातील तमिळ आणि इतर आशियाई मजुरांचे मृत्यू याच्या कित्येक पट होते, आणि त्यांनी तर कोणाला शरण जाण्याचाही प्रश्न नव्हता. आझाद हिंद सेनेत न गेलेल्या हजारो भारतीय कैद्यांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनकडे मजुरीसाठी धाडण्यात आले. त्यांच्यावरील अत्याचारांचे खटले युद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या लष्करी न्यायालयांपुढे चालले, तेव्हा हे भारतीय आपखुशीने जपानी सेवेत आलेले असल्यामुळे ते युद्धकैदी नव्हतेच, असा बचाव पुढे आला. कैद्याची व्याख्या बदलली की गुन्ह्याची व्याख्याही बदलते, हे आरोपींना चांगले ठाऊक होते.

टोकियोच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये दिलेल्या निकालात दोन आकडे शेजारी ठेवले: जर्मनी आणि इटलीच्या हाती पडलेल्या अमेरिकी व ब्रिटिश कैद्यांपैकी ४ टक्के मरण पावले, जपानच्या हाती पडलेल्यांपैकी २७ टक्के. मंजुरी दिली नव्हती म्हणून करार लागू नाही हा बचाव न्यायाधिकरणाने मानला नाही. १९४२ च्या आरंभी जपानने आवश्यक त्या फेरफारांसह करार पाळण्याचे आश्वासन दिले होते, आणि कैद्यांना माणुसकीने वागवण्याचा मूळ नियम सर्व राष्ट्रांच्या प्रघातातून आलेला असल्याने तो सहीवर अवलंबून नाही, अशी त्यामागची भूमिका होती. सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे याच न्यायाधिकरणावरील न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनीदेखील अत्याचारांचा पुरावा प्रचंड असल्याचे नाकारले नाही; त्यांची शंका समोर बसलेल्या मंत्र्यांची वैयक्तिक जबाबदारी सिद्ध होते का, याविषयीची होती.

टक्केवारीची ही तुलना मात्र अर्धीच आहे, आणि ती अर्धी ठेवल्यामुळेच ‘पौर्वात्य मनोवृत्ती’चा समज बळावला. जर्मनीच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले. तिथेही करारावर सोव्हिएत संघाची सही नसल्याची सबब पुढे केली गेली. जर्मन लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख ॲडमिरल कॅनारिस यांनी १९४१ च्या सप्टेंबरमध्ये या वागणुकीला लेखी हरकत घेतली, तेव्हा फील्डमार्शल कायटेल यांनी त्या कागदावर असा शेरा मारला की ही हरकत शिलेदारी युद्धाच्या जुन्या कल्पनेतून आलेली आहे आणि इथे तर एका विचारसरणीचा नाश करायचा आहे. न्यूरेंबर्गच्या निकालात हा शेरा नमूद झाला. त्याच वर्षी स्टालिनच्या २७० क्रमांकाच्या आज्ञेने शरण जाणाऱ्या सोव्हिएत अधिकाऱ्यांना फितूर ठरवले आणि त्यांच्या कुटुंबीयांना अटकेची धमकी दिली. बुशिदोचा, म्हणजे सामुराईंच्या आचारसंहितेचा, गंधही नसलेल्या दोन राज्यांनी, एकाने शत्रूच्या आणि दुसऱ्याने स्वतःच्या सैनिकांबाबत, तेच केले जे जपानी लष्कराने केले.

जिंकलेल्या बाजूचे आचरणही तपासावे लागते. १९४३ च्या जानेवारीत न्यू गिनीजवळ अमेरिकेच्या ‘वाहू’ या पाणबुडीने एक जपानी वाहतूक जहाज बुडवले आणि पाण्यात व होड्यांत असलेल्या माणसांवर गोळीबार केला. त्या जहाजावर पंजाब रेजिमेंटचे भारतीय युद्धकैदीही होते आणि त्यांतले बरेच मेले. पाणबुडीच्या कप्तानाचा गौरव झाला. ‘पेलेउस’ हे ग्रीक जहाज बुडवून वाचलेल्यांवर गोळ्या झाडणारा जर्मन पाणबुडीचा कप्तान हाइन्झ एक याला मात्र ब्रिटिश लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. गुन्ह्याची व्याख्या दोघांना सारखीच लागू होती; खटला एकावरच चालला. यामुळे व्याख्या खोटी ठरत नाही, पण तिची अंमलबजावणी अन्याय्य होती हे स्वच्छपणे म्हटले पाहिजे. १९४५ च्या ऑगस्टनंतर शरण आलेल्या लाखो जपान्यांना ब्रिटिशांनी ‘युद्धकैदी’ न म्हणता ‘शरणागत जपानी कर्मचारी’ असा निराळा वर्ग केला आणि त्यांतल्या पुष्कळांना १९४७ पर्यंत आग्नेय आशियात मजुरीला लावले. कैदी हा शब्द नको असलेल्या जपानी अधिकाऱ्यांना ते सोयीचे वाटले, आणि जिनिव्हा कराराची बंधने नको असलेल्या ब्रिटिशांनाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने अशा पळवाटा बुजवण्याचा प्रयत्न केला. शत्रूच्या ताब्यात आलेला सैनिक, मग तो लढताना पकडलेला असो की सरसकट शरणागतीत आलेला, युद्धकैदीच मानावा असे शब्द त्यात घातले गेले. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात सही झालेल्या शरणपत्रात पाकिस्तानी सैनिकांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवण्याची हमी लिहिलेली आहे, ती याच कराराच्या आधारे. १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने जखमी, बेशुद्ध किंवा शरण येण्याचा इरादा स्पष्ट दाखवणाऱ्या व्यक्तीवर हल्ला करू नये असे सांगितले, आणि शरणागतीचे सोंग आणून शत्रूला मारणे हा विश्वासघाताचा वेगळा गुन्हा ठरवला. पांढऱ्या निशाणाआड हातबॉम्ब लपवणारा पुढच्या वेळी खरोखर शरण येणाऱ्याचाही जीव घेतो, कारण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. १९९८ च्या रोम संविधीत जीवदान नाकारण्याची घोषणा हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेतील गुन्हा झाला.

एक प्रश्न मात्र १९४९ च्या कराराने सोडवण्याऐवजी नव्याने निर्माण केला. लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवावे असे त्याचे ११८ वे कलम सांगते. पण मायदेशच शरण गेलेल्याला फितूर मानत असेल तर? कोरियातील युद्धविरामाची बोलणी या एका मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ अडली. अखेर १९५३ च्या जूनमध्ये तोडगा निघाला आणि परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचा सांभाळ भारताच्या तुकडीवर सोपवण्यात आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, तर प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या भारतीय रक्षक दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. हे दोघेही १९४५ मध्ये आराकानात कांगाव येथे जपान्यांशी लढलेले. जीवदान न मागणाऱ्या शत्रूचा अनुभव गाठीशी असलेल्या या अधिकाऱ्यांच्या हाती आता परत जाण्यापेक्षा मरण बरे म्हणणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैदी आले. छावण्यांत दोन्ही बाजूंचे हस्तक होते, धमक्या होत्या, खूनही पडले. एका छावणीत कैद्यांनी भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले तेव्हा थोरात गोळीबाराचा हुकूम न देता स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. कैद्यांना समजावण्याची नव्वद दिवसांची मुदत संपल्यावर १९५४ च्या जानेवारीत त्यांना पकडणाऱ्या बाजूकडे परत सोपवण्यात आले. बहुतेक जण तैवानला किंवा दक्षिण कोरियात गेले आणि काही मोजके भारतातही आले. ११८ व्या कलमाचे शब्द त्यानंतर बदललेले नाहीत. परंतु १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकला परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांवर सक्ती झाली नाही, आणि मायदेशात छळाची खरी भीती असलेल्या कैद्याला बळजबरीने परत पाठवू नये, हा अर्थ आता त्या कलमात राष्ट्रांच्या वागण्यातून वाचला जातो.